काळी काच

शिक्षकीच्या आरंभीच्या दिवसांत मी वेंगुर्ल्यास होतो. एके दिवशी पहाटे ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत मला एक काळाभोर खडा चकाकताना दिसला. आकाराने मुठीएवढा, एका अंगाने लाटांनी घासलेला, तर दुसऱ्या अंगाने फुटून आरशासारखा लखलखीत. फुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा वळ्या होत्या. कडेला धार इतकी, की बोटावर ओरखडा उठला.

“हा तर ऑब्सिडियन!” मी मनाशी म्हणालो. काही लाव्हारस झपाट्याने निवतो, स्फटिक बनण्यास अवसरच मिळत नाही आणि अशी नैसर्गिक काच तयार होते. अश्मयुगातील मानव तिची पाती करीत असे. आपला सह्याद्रीही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचाच! तर्क जुळला. त्याच दिवशी मी तो खडा मोठ्या ऐटीने वर्गात दाखविला.

खडा हातोहात फिरू लागला. शेवटच्या बाकावरील, एरवी अबोल असणारा लोहाराचा मुलगा चाचरत उठला.

“गुरुजी, आमच्या भट्टीतून अशीच मळी निघते.”

वर्गात हशा पिकला. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. “खाली बैस” हे शब्द माझ्याही ओठांवर आले होते. पण का कोण जाणे, मी खडा उजेडात धरला. त्यात टाचणीच्या टोकाएवढे अनेक बुडबुडे होते. एका खळग्यात तांबूस गंज होता. लोहचुंबक जवळ नेताच ते त्या जागी चिकटले! आत लोखंडाचे कण अडकलेले होते.

शिवाय, ऑब्सिडियन बनण्यास लाव्हारसात सिलिका विपुल असावी लागते. सह्याद्रीच्या काळ्या दगडात ती पुष्कळच कमी. हे मला ठाऊक होते. पण नाव देण्याच्या घाईत मी ते विसरलो होतो.

मी म्हणालो, “मुलांनो, माझे चुकले. ही माणसाच्या भट्टीतील काच आहे. ह्याचे म्हणणे खरे आहे.”

हशा थांबला. मुलाने मान वर केली. नंतर साऱ्या वर्गाला मळी कशी निघते, हे त्यानेच फळ्याजवळ उभे राहून सांगितले.

तो खडा आजही माझ्या मेजावर आहे. कोणत्याही गोष्टीविषयी झटपट मत देण्याचा मोह झाला, की मी तो हाती घेतो आणि पुन्हा एकदा उजेडात धरून पाहतो.