कुरूप, घट्टा की चामखीळ?

आज पिकाचं नाही, पायाचं लिहितो. वेचणीच्या दिवसांत निम्म्या गावाचे तळपाय दुखतात आणि जो तो त्याला ‘कुरूप’ म्हणून ब्लेड नाहीतर बिब्बा घेऊन बसतो.

कपाशीचं पान लाल पडलं की लगेच पंप उचलायचा नसतो. कडा मुडपून लाल झाल्या तर तुडतुडे, शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला तर मॅग्नेशियम कमी. पायाचंही तसंच. आधी कोमट पाण्यात भिजवा, उजेडात धरा, नीट बघा.

घट्टा पसरट असतो, कातड्याच्या रेषा त्याच्यावरून तशाच जातात, दुखत फारसा नाही. खोऱ्यानं हाताला पडतो तोच. कुरूप लहान, गोल, मधे टणक खिळा. वरून दाबलं की कळ मस्तकात जाते. दोन्ही दाबानं आणि घासण्यानं येतात, म्हणून खिळा कोरला तरी चप्पल तीच असेल तर ते परत येणारच.

चामखीळ मात्र विषाणूची. तळपायाला अंगाच्या वजनानं आत दबते, म्हणून कुरूपच वाटते. पण रेषा तिला वळसा घालून जातात, आत बारीक काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं म्हणतात, खरं तर ते साकळलेलं रक्त. वरून दाबण्यापेक्षा चिमटीत धरली की जास्त दुखते. तिला ब्लेड लावलं तर ती पसरते. नुसती सोडली तर पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते.

आणि हो, बाभळीचा मोडका काटा आत राहिला तरी वर गाठ धरते.

आमच्या थोरल्या दादांना साखर आहे. करंगळीला कुरूप झालं, त्यांनी मेडिकलातून औषधाची पट्टी आणून लावली. त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, ते कुरूप आणि चांगलं कातडं असा भेद करत नाही. साखरेनं पाय बधिर, जखम झालेली कळलीच नाही. मोजा ओला दिसला तेव्हा वहिनींनी बघितलं. करंगळी काढावी लागली. दादा आता बांधावर बसून असतात, तासात उतरत नाहीत.

साखर असेल तर ब्लेड, पट्टी, बिब्बा काहीच नको. सरळ डॉक्टर.

तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग वाढत असेल तर तो यातल्या कशातच बसत नाही, तो कातडीच्या डॉक्टरला लवकर दाखवा. मला फोटो पाठवू नका, मी पानं बघतो.