सर्व्हर डाऊन, म्हणजे खय?

तळेऱ्याच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. या दुकानात बसून सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द कुठला, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच. सर्व्हर डाऊन.

हा शब्द फार सोयीचा आहे, मंडळी. समोरचा माणूस वाद घालत नाही. मान हलवतो, पिशवी उचलतो आणि एसटी बघायला जातो. आपली चूक नाही, त्याची नाही, कुठेतरी लांब काहीतरी पडलंय. पाऊस पडावा तसं.

गेल्या जूनमधली गोष्ट. आपल्या भागातल्या एका संस्थेची मुलांसाठी शिष्यवृत्ती असते, तिचे अर्ज ऑनलाईन होते. विजयदुर्ग रस्त्याच्या बाजूच्या एका वाडीतून एक बाई लेकीचा फॉर्म भरायला आल्या. साईट उघडेना. नुसतं गोल गोल फिरत होतं. मी म्हटलं, "मावशे, सर्व्हर डाऊन आसा. उद्या येवा." दुसऱ्या दिवशी आल्या, तेच. तिसऱ्या दिवशी आल्या. लावणीचे दिवस. म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली, आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं वेगळं. मी परत तेच वाक्य म्हणणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं:

"झिला, डाऊन म्हणजे खय? थंय जावन कोण बघता काय नाय?"

खरं सांगतो, उत्तर नव्हतं माझ्याकडे. तीन दिवस मी लोकांना परत पाठवत होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं की नक्की अडलंय कुठे. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

मग बसलो बघायला. साईट हळू असण्याची ठिकाणं मुळात तीनच. एक, आपल्याकडचं नेट किंवा मशीन. दोन, पलीकडचा सर्व्हर. तीन, ते पानच, म्हणजे त्यात भरलेला माल. तिन्ही ठिकाणी लक्षण एकच दिसतं, गोल गोल फिरणं. म्हणून तर सगळ्यांचं खापर सर्व्हरवर फुटतं.

आमच्याकडे त्या आठवड्यात खोदकामात फायबर तुटली होती आणि दुकान मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालू होतं. वेग मोजला, तर जेमतेम एक एमबीपीएस. कमी, पण बंद नाही. बाकीच्या साईट रडतखडत उघडत होत्या.

मग क्रोममध्ये एफ १२ दाबलं, नेटवर्क नावाचा भाग उघडला आणि पान परत लोड केलं. तिथे पानातल्या प्रत्येक वस्तूची एकेक ओळ दिसते: काय मागवलं, किती वजनाचं, किती वेळ वाट बघितली, उतरायला किती वेळ लागला. पहिल्याच ओळीत उत्तर होतं. सर्व्हरने एका सेकंदाच्या आत प्रतिसाद दिला होता. सर्व्हर डाऊन नव्हताच! तीन दिवस मी खोटं बोलत होतो.

मग अडलं कुठे? खालच्या ओळींत. मुखपृष्ठावर सरकणारे सात फोटो. सत्कार, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. मोबाईलने काढले तसेच चढवलेले, एकेक पाच एमबीचा. म्हणजे ३५ एमबी नुसते फोटो. बाकीचं धरून पान ३८ एमबीचं. एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाईट. हिशेब करा: ३८ गुणिले आठ म्हणजे ३०४ सेकंद. पाच मिनिटं, तीही सिग्नल मध्ये तुटला नाही तर. आणि त्या साईटवर फॉर्मचं बटण फोटो सगळे उतरल्यावरच दिसायचं.

क्रोमच्या सेटिंगमध्ये चित्रं बंद करता येतात. केली. पान वीस सेकंदांत उघडलं. पंधरा मिनिटांत फॉर्म भरून पावती मावशींच्या हातात. तीन दिवस घालवून बसलो होतो त्या कामाला पंधरा मिनिटं लागली. त्या काही बोलल्या नाहीत, पावती घडी करून पिशवीत ठेवली. मला मात्र पैसे घ्यायची लाज वाटली.

संस्थेला फोन केला. संस्थेची कमिटी मुंबईत. पलीकडून उत्तर आलं, "आमच्याकडे तर लगेच उघडते!" तेही खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे शंभर एमबीपीएसची लाईन, तिथे ३८ एमबी तीन-चार सेकंदांत उतरतात. शिवाय एकदा बघितलेले फोटो ब्राउझर साठवून ठेवतो, दुसऱ्यांदा मागवतच नाही. म्हणजे ज्यांनी साईट बनवली आणि ज्यांनी ती पास केली, त्यांना ती कधीच हळू दिसणार नव्हती. हळू दिसणार फक्त ज्याच्यासाठी ती बनवली त्याला.

त्यांना म्हटलं, त्याच नेटवर्कच्या भागात कृत्रिमरीत्या वेग कमी करायची सोय आहे. ती लावा आणि एकदा वाडीतून आल्यासारखं उघडून बघा. अर्ध्या तासाने फोन आला. आवाज उतरला होता.

दुरुस्तीला एक संध्याकाळ लागली आणि रुपया लागला नाही. एकच अडचण आली: "अध्यक्षांचा फोटो काढायचा नाही." म्हटलं, काढत नाही, वजन कमी करतो. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर दिसतो तेवढाच दिसणार. रुंदी बाराशेवर आणली, वेबपी प्रकारात साठवला, पाच एमबीचा शंभर केबीच्या आत आला. पहिला फोटो सोडून बाकीचे खाली सरकल्यावरच उतरतील असं केलं. फॉर्मचं बटण सगळ्यात वर घेतलं. सूचना स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये होत्या, त्या साध्या अक्षरांत टाईप केल्या. पान ९०० केबीवर आलं. त्याच हॉटस्पॉटवर सात-आठ सेकंद. अध्यक्ष अजून तसेच हसतायत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सर्व्हर कधीच दोषी नसतो असं वाटेल. त्याच साईटवर 'अर्जाची स्थिती' बघायचं पान नंतरही चौदा सेकंद घ्यायचं. इथे मात्र पहिल्याच ओळीत वाट बघणं होतं, म्हणजे दोष पलीकडे. साईट बनवणाऱ्या मुलाने बघितलं, तर अर्ज क्रमांकाला इंडेक्सच नव्हता. अनुक्रमणिका नसलेल्या जाड रजिस्टरमध्ये एक नाव शोधायला पहिल्या पानापासून सगळी पानं उलटावीत, तसा सर्व्हर दरवेळी सगळे अर्ज वाचत होता. एक ओळ लिहून इंडेक्स लावला. चौदाचा एक सेकंद झाला. इथे फोटो कितीही लहान केले असते तरी फरक पडला नसता. म्हणून आधी निदान, मग औषध.

मोठ्या ठिकाणीही हेच. आपल्या कोकणात साईट अडकली म्हटलं की गणपतीचं रेल्वे तिकीट आठवतं. २०१४ साली आयआरसीटीसीने नवी यंत्रणा आणली, मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. यंत्र मोठं झालं, गर्दीही मोठी झाली. मग रांगेत उभं कोण आहे ते तपासलं गेलं. जून २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितलं की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नव्हेत, बॉटचे असतात. अडीच कोटी संशयास्पद यूजर आयडी बंद केले, बॉट अडवणारी व्यवस्था बसवली, आणि न बदलणारा माल जवळच्या साठ्यांतून देण्याची सोय, म्हणजे सीडीएन, लावली. २२ मे २०२५ ला सकाळी दहाच्या ठोक्याला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. तिकिटं सगळ्यांना मिळाली असं नाही, गाड्या तेवढ्याच आहेत. पण निदान बरोबर झालं की काय होतं ते दिसलं.

गुगलचा एक जुना अभ्यास सांगतो की मोबाईलवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले की निम्म्याहून अधिक लोक निघून जातात. दुकानाच्या साईटवरून माणूस दुसऱ्या दुकानात जाईल. दाखल्याच्या, शिष्यवृत्तीच्या, पाणीपट्टीच्या साईटवरून कुठे जाणार? तो उद्या परत येतो. एका दिवसाची मजुरी सोडून.

म्हणून आपल्या भागातल्या ग्रामपंचायती, सोसायट्या, शाळा, मंडळं, वाचनालयं, सगळ्यांना विनंती. आपली साईट महिन्यातून एकदा साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून, जिथे एकच दांडी येते तिथे उभं राहून उघडा. पेजस्पीड इनसाइट्स नावाचं गुगलचं साधन फुकट आहे, पत्ता टाकला की कुठे अडलं ते सांगतं. सत्काराचे फोटो ठेवा, पण फॉर्मच्या खाली ठेवा. आणि साईट खरोखर पडली असेल तर जितके दिवस पडली तितके दिवस मुदत वाढवा. ते तर माणसाच्या हातात आहे.

माझ्यासारख्या दुकानदारांनाही सांगतो: 'सर्व्हर डाऊन' म्हणायच्या आधी एफ १२ दाबा. दोन मिनिटं लागतात.

कोणाला आपल्या संस्थेची साईट तपासून हवी असेल तर संध्याकाळी सहानंतर दुकानात या. पैसे नकोत. चहा तुमचा.