नदीकाठचे रिसॉर्ट आणि मगर

कर्जतहून कडाव ओलांडून कशेळ्याकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या पाट्या लागतात. ज्या पाटीवर ‘रिव्हरटच’ असे लिहिलेले असते, तिथे मुंबई-ठाण्याचे गिऱ्हाईक आधी वळते. या भागात नदीला उन्हाळ्यातही पाणी असते, त्याचे कारण घाटमाथ्यावर आहे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी पेज नदीत येते आणि पुढे उल्हासला मिळते. खालापुरात खोपोलीच्या वीजगृहाचे पाणी पाताळगंगेला असेच जिवंत ठेवते. बारमाही पाणी, मऊ गवत आणि गवतावरून थेट पाण्यात उतरणारी वाट, हे या जागांचे भांडवल. माझा विषय सरपटणारे प्राणी आणि माणूस जिथे समोरासमोर येतात त्या जागांचा आहे. त्या अभ्यासातून मी एक गोष्ट ठामपणे मांडू इच्छितो: नदीकाठच्या धोक्याचा बंदोबस्त करताना प्राण्याच्या मागे धावण्यात फारसे हाती लागत नाही. काठ कसा आखला आहे, माणूस पाण्यापाशी कोणत्या वेळी आणि कशासाठी जातो, यावर सगळे ठरते. आणि ज्याने पैसे घेऊन पाहुणे काठावर आणले, त्या आखणीची जबाबदारी त्याची आहे.

कडावच्या काठी मगर ही रोजची गोष्ट नाही, हे आधीच सांगतो. पण याच रायगड जिल्ह्यात महाडला सावित्री नदीत मगरी पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या, तेव्हा शोध घेणाऱ्या पथकांना याच पाण्यात मगरींचे भान ठेवून काम करावे लागले. चिपळूणची वाशिष्ठी, सांगलीची कृष्णा, मुंबईतला पवई तलाव ही मगरीची आणखी ठिकाणे. अमेरिकेतला ॲलिगेटर आपल्याकडे जंगली अवस्थेत नाही. महाराष्ट्राच्या नद्यांतला प्राणी म्हणजे गोड्या पाण्यातली मगर. मोठा नर डोहाच्या काठावर तासन् तास हालचाल न करता पडलेला असतो, म्हणून पाहणाऱ्याला तो सुस्त वाटतो. पाण्यात मात्र त्याच्या देहाची रचना कळते. डोळे, नाकपुड्या आणि कान डोक्याच्या माथ्यावर एका रेषेत असतात, त्यामुळे सगळे शरीर बुडवून तो फक्त ही रेषा पाण्याबाहेर ठेवू शकतो. जबड्याच्या कातडीवर मोहरीपेक्षा बारीक काळसर ठिपके दिसतात. पाण्यावरचा तरंग टिपणारी ती संवेदनेची इंद्रिये आहेत; पूर्ण अंधारातही पाण्याचा थेंब कुठे पडला हे ॲलिगेटरला या ठिपक्यांमुळे कळते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. संध्याकाळी काठाच्या उथळ पाण्यात पाय मारणारे मूल या प्राण्याला कसे जाणवत असेल, याचा विचार रिसॉर्ट बांधणाऱ्याने आराखडा काढतानाच करायला हवा.

मगरीचे वर्ष आणि आपल्या पर्यटनाचे वर्ष शेजारी शेजारी मांडून पाहावे. थंडीत तिला ऊन लागते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती दिवसा काठावर येऊन पडते. शनिवार-रविवारच्या सहलींचा हाच हंगाम, आणि पडलेल्या मगरीच्या जवळ जाऊन फोटो काढण्याचा मोह याच दिवसांत होतो. फेब्रुवारी-मार्चपासून मादी काठाच्या मातीत खड्डा करून २०-३० अंडी घालते आणि साधारण दोन महिने त्या जागेची राखण करते. तोवर नदी आटत जाते, पाणी डोहांपुरते उरते आणि त्याच डोहांवर मे महिन्याच्या सुट्टीत माणसे पोहायला येतात. माणूस आणि मगर एकाच कोंडीत सापडण्याचा हा काळ. जूनच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. मग पाऊस येतो, पाणी गढूळ होते, प्रवाह वाढतो आणि मगरी आपला डोह सोडून ओढ्यानाल्यांतून, शेतांतून, कधी रस्त्यावरूनही सरकतात. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालत जाणारी मगर सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात तर बुडालेल्या घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती. म्हणजे थंडी, मे आणि पावसाळा हे आपल्या गर्दीचे तीनही हंगाम मगरीच्या आयुष्यातल्या तीन वेगळ्या अवस्थांवर येतात आणि प्रत्येकाला वेगळी काळजी लागते. वर्षभर एकच पाटी लावून हे भागत नाही.

पाटी कशी अपुरी पडते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण फ्लोरिडातले आहे. १४ जून २०१६ रोजी रात्री नऊच्या सुमारास डिस्नेच्या ग्रँड फ्लोरिडियन रिसॉर्टच्या काठावर, माणसाने खोदलेल्या तलावाच्या कडेला, दोन वर्षांच्या मुलाला ॲलिगेटरने ओढून नेले. मूल पोहत नव्हते, घोटाभर पाण्यात होते. तिथे ‘पोहू नये’ अशा पाट्या होत्या, पण पाण्यात ॲलिगेटर आहेत हे त्यांवर लिहिलेले नव्हते. त्याआधीच्या दहा वर्षांत त्या संपूर्ण परिसरातून २००हून अधिक ॲलिगेटर काढण्यात आले होते. अतिशय सधन अशा त्या पर्यटन कंपनीपाशी सराईत पकडणारे होते, सरकारचा परवाना होता, पैसा होता. तरीही एक प्राणी उरला आणि तेवढा पुरला. त्या घटनेनंतर तिथे काय झाले ते पाहा: धोक्याचे नाव घेणाऱ्या पाट्या लागल्या, दोरांचे कुंपण आले, आणि पुढे वाळूच्या काठावर दगडांची भिंत उभी राहिली. काठ बदलला गेला. हीच भिंत दहा वर्षे आधी उभी राहिली असती तर, हा प्रश्न मला सोडत नाही. कारण मोकळी वाळू, आरामखुर्च्या आणि रात्रीचा कार्यक्रम यांनी पाहुण्यांना पाण्यापर्यंत बोलावले होते, आणि पाण्यात काय आहे हे त्यांना सांगितले नव्हते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ असतो: मगर दिसली की वनखात्याला सांगून उचलून न्यावी, एवढा खटाटोप कशाला? वस्तीत शिरलेली, विहिरीत पडलेली मगर हलवावीच लागते; त्यासाठी वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे आणि त्यावरच फोन करावा. पण हाच नेहमीचा उपाय धरला तर दोन अडचणी उभ्या राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगर पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाने द्यायची असते, रिसॉर्टमालकाने माणसे लावून दोरखंड टाकला तर तो गुन्हा ठरतो. दुसरी अडचण प्राण्याच्या स्वभावाची. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रहाचे यंत्र लावून दूर सोडले, तर त्या परत आल्या. त्यांपैकी एक तर २० दिवसांत ४०० किलोमीटरहून अधिक पोहत जुन्या जागी पोचली. आपली मगर इतकी लांब पोहेल असे मी म्हणत नाही. पण तिला आपला डोह कळतो, आणि तो रिकामा झाला तरी मासे, ऊन खायला काठ आणि खोल पाणी जागेवरच असल्यामुळे दुसरी तिथे येते. शिवाय नव्या ठिकाणी सोडलेल्या मगरीपासून तिथल्या गावकऱ्यांना नवा धोका निर्माण होतो, याचा हिशेब कोणी धरत नाही.

दुसरी गोष्ट अन्नाची, आणि ती सर्वस्वी रिसॉर्टच्या हातात आहे. भटारखान्यामागे कोंबडीची आतडी, माशांची खवली, ताटातले उरलेसुरले नदीत ढकलण्याची पद्धत अनेक काठांवर आहे. त्याने आधी मासे जमतात, कुत्री येतात, आणि जिथे मगर आहे तिथे तीही येते. फ्लोरिडात ॲलिगेटरला खाऊ घालणे कायद्याने गुन्हा आहे, कारण माणसाकडून अन्न मिळाले की प्राण्याची माणसाविषयीची भीती जाते. आपल्याकडे पाहुण्यांना मगर दिसावी म्हणून मांसाचे तुकडे टाकणाऱ्याला कोणी हटकत नाही. कचऱ्याचा खड्डा काठापासून दूर, झाकलेला आणि रोज रिकामा केला जाणारा असावा, मासे-मटण धुण्याचे पाणी नदीत जाऊ नये, एवढी शिस्त पाळणे कोणत्याही सापळ्यापेक्षा स्वस्त आहे.

मग काठ आखायचा कसा? याचे उत्तर परदेशी कंपनीकडून विकत घ्यावे लागत नाही. ओडिशात भितरकनिकाच्या खाड्यांच्या काठी, जिथे खाऱ्या पाण्यातल्या अजस्र मगरी आहेत, वनखाते गावांच्या घाटांभोवती पाण्यातच कुंपण उभारते, म्हणजे बायामाणसांना आत उतरून अंघोळ करता येते. श्रीलंकेत नदीत खुंट ठोकून केलेल्या अशा आंघोळीच्या कोंडी जुन्या काळापासून आहेत. अंदमानात हॅवलॉकला एप्रिल २०१० मध्ये एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पुढे तिथल्या काही किनाऱ्यांवर पोहण्याच्या जागेला जाळी आली. तत्त्व एकच: पाण्याचा एखादा तुकडा आखून सुरक्षित करायचा आणि बाकीच्या काठापासून माणसाला हलक्या हाताने दूर ठेवायचे. रिसॉर्टसाठी याचा अर्थ असा की लॉन पाण्यापर्यंत नेऊ नये. ऑस्ट्रेलियात मगरींच्या पाण्यापासून किमान पाच मीटर दूर राहा असे सांगतात. तेवढा पट्टा करंज, जांभूळ, उंबर यांना सोडून द्यावा. झाडोऱ्यात मगर लपेल ही शंका खरी आहे, म्हणूनच त्या पट्ट्यातून पायवाटा काढू नयेत. नदी पाहण्यासाठी पूररेषेच्या वर, मजबूत कठड्याचे एकच उंच मचाण पुरे. अंधार पडण्याआधी काठाकडचे फाटक बंद व्हावे, आणि ते बंद करण्याचे काम एका ठरलेल्या माणसाच्या नावावर असावे, कारण सगळ्यांचे काम ते कुणाचेच नसते.

कडावचा मालक इथे म्हणेल, आमच्या नदीत मगरच नाही, हा खर्च कशासाठी? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. माझे उत्तर असे की या तालुक्यात माणसे बुडून मरतात. दर पावसाळ्यात धरणे आणि धबधब्यांवर प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हे सर्वांना आठवते. वीजगृहातून पाणी सोडले की वर पाऊस नसतानाही पातळी वाढू शकते, हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला ठाऊक नसते. आता वर सांगितलेली आखणी पुन्हा पाहावी: काठापासून अंतर, आखलेली पोहण्याची जागा, उंच मचाण, संध्याकाळी बंद होणारे फाटक, ठरलेला माणूस. यातली एकही गोष्ट अशी नाही जी बुडण्यापासून वाचवत नाही. मगर नसलेल्या काठालाही मगरीची कसोटी लावावी असे मी म्हणतो ते यासाठी. फुरसे, घोणस, अचानक वाढणारे पाणी, दारू पिऊन रात्री नदीत उतरणारा तरुण, या सगळ्यांना हीच आखणी आडवी येते.

धोक्याचे नाव घेतले तर धंदा बसेल, ही भीती मात्र मला अनाठायी वाटते. चिपळूणजवळ खाडीत मगरी दाखवायला होड्या निघतात आणि लोक पैसे देऊन जातात. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातही तसेच. तिथल्या खाजण शेतकऱ्यांच्या रिवाजात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते; मगर आहे हे त्यांनी कधी लपवले नाही, तिच्यासोबत राहण्याची रीत बसवली. पाहुण्याला खोलीची किल्ली देताना ‘नदीत मगर असू शकते, पाणी अचानक वाढते, या जागेपलीकडे उतरू नका’ असे मराठीत, हिंदीत आणि चित्रासह सांगणाऱ्या मालकावर लोकांचा विश्वास बसतो.

शेवटचा प्रश्न गावाचा आहे आणि या चर्चेत तो सहसा येतच नाही. रिसॉर्टचे कुंपण पडले की गावाची पाणवठ्याकडे जाणारी जुनी वाट अनेकदा बंद होते. कपडे धुणाऱ्या बाया, गुरे पाण्यावर नेणारी पोरे, मासे धरणारे कातकरी मग वरच्या किंवा खालच्या खोल डोहाकडे सरकतात. कृष्णेकाठी मगरींनी केलेल्या हल्ल्यांमध्ये सापडलेली माणसे पर्यटक नव्हती. रोजच्या कामासाठी नदीत उतरलेली होती. पाहुण्यांचा काठ सुरक्षित करताना शेजारच्या गावाला धोक्याच्या पाण्यात ढकलले तर जोखीम फक्त गरिबाच्या अंगावर गेली. म्हणून नदीकाठच्या रिसॉर्टला ना-हरकत देताना ग्रामपंचायतीने दोन अटी घालाव्यात: पाणवठ्याची वाट उघडी राहील, आणि रिसॉर्टच्या काठाआधी गावाच्या घाटाला खुंटांचे कुंपण त्याच खर्चात होईल. खुंट दोन पावसाळ्यांत सैल होतात, जाळीत ओंडके अडकतात, त्यामुळे दर गणपतीनंतर पाणी ओसरले की त्याची तपासणी आणि दुरुस्ती कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.