दोघांत एक मॉनिटर

मैत्रिणींनो, घरात दोन जावा आणि मिक्सर एक, असं असलं की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे मिक्सर दोन आहेत, पण काँप्युटरचा मॉनिटर एक. त्या एका मॉनिटरपायी मी माझ्या सुनेशी दोन महिने धड बोलले नाही. चूक माझी होती. ती कशी कळली आणि मॉनिटर कसा ताळ्यावर आला, हे दोन्ही आज सांगते. आता बऱ्याच घरांत एक काँप्युटर दुकानाचा किंवा मुलांचा आणि एक लॅपटॉप नोकरीचा असतो. तेव्हा तुमच्याही उपयोगी पडेल.

आमचं गाव जांब समर्थ. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचा जन्म इथला, १६०८ सालचा, तोही रामनवमीचा. त्यामुळे रामनवमीला गाव माणसांनी फुलून जातं. एरवी आपलं शेतीभातीचं शांत गाव. आमच्या घराच्या पुढच्या भागात ह्यांचं बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान आहे. बिलं सगळी काँप्युटरवर.

मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचं काम घेऊनच घरात आली. दिवसभर लॅपटॉपवर आकड्यांचे तक्ते. लॅपटॉपचा पडदा चौदा इंची, डोळे फोडून घ्यायचे म्हणजे! चिरंजीवांनी तोडगा काढला. दुकानाचा बावीस इंची मॉनिटर मधल्या खोलीत आणला आणि शेजारी एक काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी ठेवली. तिला केव्हीएम स्विच म्हणतात. दोन्ही काँप्युटरच्या वायरी त्या डबीत आणि डबीतून एक वायर मॉनिटरला. बटण दाबलं की मॉनिटर, कीबोर्ड, माउस सगळं ह्या काँप्युटरचं, पुन्हा दाबलं की त्या. सकाळ-संध्याकाळ दुकान, अकरा ते चार सूनबाई, अशी वाटणी झाली. मला वाटलं, बरं झालं, खर्च वाचला.

पंधरा दिवस बरे गेले. मग एके दिवशी चार वाजता हे बिल करायला बसले, तर पडद्यावरची अक्षरं जाडजूड आणि पुसट. बिलावरचा आमच्या दुकानाचा गोल शिक्का अंड्यासारखा आडवा ताणलेला. आणि उजवीकडचा रकमेचा रकाना पडद्याबाहेर! मुलगा आला, काँप्युटर बंद करून पुन्हा चालू केला, झालं नीट. चार दिवसांनी पुन्हा तेच. आणि दर वेळी सूनबाईची पाळी संपल्यावरच.

एकदा तर ह्याच पुसट पडद्यापायी एका शेतकऱ्याला दोन पोत्यांऐवजी तीन पोत्यांचं बिल गेलं. माणूस ओळखीचा, संध्याकाळी परत आला, हसून पैसे घेऊन गेला. पण खेडेगावात दुकान विश्वासावर चालतं. हे दिवसभर गप्प होते. माझा मात्र तोल गेला. म्हटलं, "तुझा लॅपटॉप लावल्यापासून आमचं चांगलं चाललेलं यंत्र बिघडलं." ज्या गावचा मुलगा 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेला अशी कथा सांगतात, त्या गावात राहून मला बोलण्याआधी सावध होता आलं नाही.

सूनबाई उलट बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसू लागली. तिच्या जावेनं, म्हणजे माझ्या पुतण्याच्या बायकोनं, समजूत घातली तेव्हा कुठे अधूनमधून मॉनिटरवर येई. डोकं दुखतं म्हणून संध्याकाळी बाम चोळताना मी तिला पाहत होते. पाहून न पाहिल्यासारखं करत होते.

आता माझी खोड सांगते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी दुधाचे खाडे लिहिते. लाइट कधी गेली तेही लिहिते, कारण पिठाची गिरणी आणि पाण्याची मोटर दोन्ही तिच्यावर. त्यातच मी रागानं एक तिसरी खूण सुरू केली. ज्या दिवशी पडदा बिघडेल त्या तारखेला फुली. म्हटलं, महिन्याअखेर मुलाला पुरावाच दाखवते!

रामनवमीला माझा भाचा आला. जालन्याला काँप्युटर दुरुस्त करतो. मी त्याला कालनिर्णयासमोर उभं केलं. तो बराच वेळ तारखा बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, ज्या ज्या दिवशी फुली आहे, त्या दिवशी दुपारी लाइट गेलेली आहे. बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. खरंच, एकही फुली लाइटच्या खुणेशिवाय नव्हती. सूनबाई मॉनिटरवर बसली पण लाइट गेली नाही, असे दिवस कोरे होते. आणि लाइट गेली पण तिची रविवारची सुट्टी, तेही कोरे. दोन्ही जुळले की मगच फुली. मी दुसऱ्यासाठी खणलेल्या पुराव्यात मीच पडले होते.

भाच्यानं समजावून सांगितलं, ते मला समजलं तसं सांगते. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आमच्या मॉनिटरची रांगोळी आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. ह्यालाच रिझोल्यूशन म्हणतात. काँप्युटरनं बरोबर तेवढेच ठिपके पाठवले की अक्षर मोत्यासारखं दिसतं. पण समोरचा मॉनिटर केवढा आहे, हे काँप्युटरला कसं कळावं? तर मॉनिटर स्वतःची ओळख सांगणारी एक चिठ्ठी पाठवतो. कुणी बनवला, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, कुठले ठिपके सगळ्यांत चांगले, सगळं तीत असतं. तिचं नाव ईडीआयडी. तिचा मूळ नमुना १९९४ साली ठरला, आणि ही मूळ चिठ्ठी अवघ्या १२८ बाइटांची. काँप्युटर चालू होताना ती वाचून घेतो.

आमच्याकडची स्वस्तातली डबी ही चिठ्ठी एका वेळी एकाच काँप्युटरला देई, ज्याच्या बाजूला बटण असेल त्याला. दुपारी बटण सूनबाईच्या बाजूला. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राही, दुकानाचा काँप्युटर मात्र बंद पडे. लाइट आल्यावर हे आधी काँप्युटर चालू करत आणि मागाहून डबीचं बटण दाबत. तोवर त्या बिचाऱ्यानं चिठ्ठी मागून पाहिलेली असे, उत्तर नसे. पाहुणे किती ते कळलं नाही की आपण अंदाजानं बेताचाच भात टाकतो ना, तसं तो १०२४ बाय ७६८ असं जपून धरी. म्हणजे आठ लाखांहूनही कमी ठिपके! तेवढेच वीस लाखांच्या जागेवर ताणून बसवले की अक्षर पुसटणार आणि गोल शिक्क्याचं अंडं होणार. ना मॉनिटर बिघडला होता, ना काँप्युटर. मधल्या डबीनं निरोप पोचवला नव्हता, एवढंच.

आता तुमच्यासाठी उपाय. आम्ही केले त्याच क्रमानं सांगते.

पहिलं म्हणजे डबी काढून काँप्युटर थेट मॉनिटरला जोडून बघा. पडदा स्वच्छ दिसला तर दोष डबीचा किंवा वायरीचा. नवा मॉनिटर घ्यायला धावू नका.

दुसरं, डबी ठेवायचीच असेल तर क्रम पाळा. आधी मॉनिटर चालू करा, मग जो काँप्युटर सुरू करायचा त्याच्या बाजूला बटण फिरवा, मग काँप्युटर. तो पुरता उघडेपर्यंत बटणाला हात लावू नका. लाइट जाऊन आली की पुन्हा हाच क्रम.

तिसरं, रिकाम्या पडद्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. तिथे 'डिस्प्ले रिझोल्यूशन'मध्ये ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय ते निवडा. चुकीचं निवडून पडदा काळा झाला तर घाबरू नका. काही न दाबता बसा, पंधरा सेकंदांत तो आपोआप पूर्वीसारखा होतो. आणि एक लक्षात ठेवा, चष्म्यामुळे अक्षर बारीक वाटत असेल तर रिझोल्यूशन कमी करू नका. तिथेच 'स्केल' आहे, ते १२५ किंवा १५० करा. अक्षर मोठं होतं आणि पुसटही होत नाही.

चौथं लॅपटॉपवाल्यांसाठी. लॅपटॉपचा आणि मॉनिटरचा दोन्ही पडदे सारखंच चित्र दाखवत असतील, तर मोठ्याला बहुधा लहानाच्या मापात बसावं लागतं. खिडकीचं चिन्ह असलेली की आणि 'पी' एकदम दाबा आणि 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा.

पाचवा उपाय फुकटचा, आणि आमच्याकडे तोच लागू पडला. मॉनिटरच्या पाठीमागे बघा, बहुतेकांना दोन जागा असतात, एक एचडीएमआयची चपटी आणि एक जुनी पंधरा भोकांची व्हीजीएची. भाच्यानं लॅपटॉप एकीत लावला, दुकानाचा काँप्युटर दुसरीत. दोघांनाही चिठ्ठी थेट मिळते. मॉनिटरच्याच बटणानं आलटून पालटून बघायचं. डबी आता फक्त कीबोर्ड आणि माउस सांभाळते. एक सावधगिरी मात्र घ्या. कपाटातली जुनी व्हीजीए वायर आम्ही आधी लावली, तर पुन्हा अंडंच! चिठ्ठी बाराव्या आणि पंधराव्या पिनेतून जाते, आणि हलक्या वायरींत त्याच नसतात. सगळ्या पिनांची वायर आणली नि काम झालं.

एवढंही जमलं नाही तर चिठ्ठी स्वतःजवळ जपून ठेवणारी, जरा महाग डबी मिळते. दुकानात 'ईडीआयडी इम्युलेशन आहे का?' एवढं विचारा.

भाचा गेला. रात्री मी कालनिर्णयाचं पान काढलं आणि सूनबाईसमोर ठेवलं. म्हटलं, "ह्या फुल्या मी तुझ्याविरुद्ध लिहीत होते."

ती पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मला वाटलं दूधवाला फारच खाडे करायला लागलाय."

दोघी हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले, माझेही. मी तिला म्हटलं, उद्यापासून मॉनिटर अकरा ते चार तुझा, आणि त्या वेळात कुणी बिल मागितलं तर हे पावतीपुस्तकावर लिहितील. हे आतून "बरं" म्हणाले.

त्या दोन महिन्यांत आम्ही दोघी एकमेकींना सगळं मुलामार्फत सांगत होतो. "आईला सांगा", "तिला म्हणावं". तो बापडा निम्मं सांगे, निम्मं विसरे. आता जे असेल ते मी थेट तिलाच विचारते. मॉनिटरचं म्हणाल तर लाइट अजूनही जाते. फुली मात्र त्यानंतर एकही पडलेली नाही.