संदर्भ हवा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मूळ इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१चा. आज मराठीत लाखाच्या आसपास लेख आहेत, इंग्रजीत सत्तर लाखांच्या. हा फरक सांगितला की लोक हळहळतात. मला लेखसंख्येची तेवढी चिंता वाटत नाही. कोणतेही पान उघडले की मी आधी तळाशी जाते आणि संदर्भ किती, कुठले, ते पाहते. पुष्कळदा तिथे काहीच नसते आणि वर वाक्यावाक्याला ‘संदर्भ हवा’ अशी खूण असते. ती खूण लावणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे.

*

श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला पीएच.डी. करून आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायला निघाले. त्यासाठी त्यांनी मर्यादित कंपनी उभारली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले. २३ खंड पुरे केले. त्यांतले पहिले पाच तर नुसते प्रस्तावनेचे! केतकर १९३७ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांचे लेखन १९९८पासून सर्वांचे आहे. म्हणून ते जसेच्या तसे उचलून विकिपीडियावर चिकटवावे असे नाही. शंभर वर्षांपूर्वीचे विज्ञान त्यात आहे, शंभर वर्षांपूर्वीची शिरगणतीही. आधार म्हणून घ्यावे, पुढचे आपण शोधावे.

*

वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तयार झालेला विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, विसावा २०१५चा. मधल्या काळात सोव्हिएत संघ मोडला आणि संगणक घरात आला. छापील कोशाला हे चुकत नाही. पण विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते, जबाबदारी कोणाची ते कळते. विकिपीडियाच्या पानाखाली नाव नसते. तिथे ‘इतिहास’ असतो: कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणते अक्षर बदलले, सगळे कायम. खोडसाळपणा केला तर तोही नोंदला जातो, आणि तो कोणी उलटवला हेसुद्धा.

पण उलटवायला कोणाचे तरी लक्ष हवे. अमेरिकी पत्रकार जॉन सीगेंथेलर यांचा केनेडींच्या हत्येशी संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर २००५ साली इंग्रजी विकिपीडियावर चार महिन्यांहून अधिक काळ राहिला. तिथे ही गत, तर आपल्याकडे पहाऱ्यावर मोजकी माणसे.

*

‘कऱ्हाड’मधला ऱ्ह संगणकावर दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ती दोन निराळी अक्षरे. त्यात ‘कराड’ लिहिणारेही आहेत. कसेही लिहिले तरी वाचक एकाच पानावर यावा म्हणून कोणीतरी पुनर्निर्देशने करून ठेवतो. या कामाबद्दल त्याला कोणी विचारीत नाही.

*

गावांची पाने. नाव, तालुका, जिल्हा, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या, पुढे कोरे. ती काढून टाकावीत असे मात्र मला वाटत नाही. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा वसई, डहाणू, जव्हार, मोखाड्याकडच्या गावांचा जिल्हा बदलला. मग धाराशिव झाले, छत्रपती संभाजीनगर झाले, अहिल्यानगर झाले. असले बदल ‘सांगकाम्या’ करू शकतो, म्हणजे नेमून दिलेले काम न कंटाळता करणारा प्रोग्राम. पण यात्रा कधी भरते, शाळा कोणत्या साली निघाली, ओढ्यावर बंधारा कोणी बांधला, हे त्याला कोण सांगणार?

त्याला माणूस लागतो, आणि माणसाला आधार लागतो. तो बहुधा असतोही. जिल्हा गॅझेटियर असते. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सवी अंक, तालुक्याच्या गावी निघणारा दिवाळी अंक. संदर्भ इंटरनेटवरचाच हवा असा नियम नाही. पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, पृष्ठ दिले की झाले. शाळेचे साल किंवा यात्रेची तिथी अशा साध्या गोष्टींना स्मरणिका चालते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि घर आवरताना पहिल्यांदा रद्दीत जातात त्या स्मरणिकाच.

*

स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर हजारो लेख अशा एका अमेरिकी मुलाने लिहिले होते, ज्याला ती भाषा येत नव्हती. २०२० साली हे उघडकीला आले. तोवर अनेक वर्षे तसेच चालले, कारण टोकणारे जाणकार त्या पानांकडे फिरकतच नव्हते. मराठीत यंत्राकडून भाषांतर करून तसेच उतरवलेले परिच्छेद दिसले की मला ते प्रकरण आठवते. भाषा शिकणारी यंत्रे हीच पाने वाचून मराठी शिकतात. म्हणून एखादा लेख कमी झाला तरी चालेल, पण वाक्य मराठी हवे.

*

छायाचित्रे नेटवरून उचलू नयेत, ती काढून टाकली जातात. स्वतः टिपलेले द्यावे. नव्या माणसाने धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, हात बसवावा, अडले तर चावडीवर, म्हणजे तिथल्या चर्चेच्या पानावर, विचारावे.

*

आणि जे छापलेच गेलेले नाही, त्याचे काय? ‘पीपल आर नॉलेज’ हा २०११चा माहितीपट याच प्रश्नावर आहे. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तेच संदर्भ म्हणून देण्याचा प्रयोग त्यात दिसतो. प्रयोग मोलाचा होता. तरी प्रकाशित आधार हवा हा नियम सैल करावा, असे माझे मत नाही. ‘आमचे आजोबा सांगायचे’ एवढ्यावर लेख उभे राहू लागले, तर घराण्याचा आणि जातीचा अभिमान रोज नवा इतिहास लिहील.

आजोबांचे सांगणे आधी रीतसर नोंदले जावे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी खेडोपाडी फिरून, सहकारी बायांना सोबत घेऊन, जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचे नाव जपले, गाव जपले. ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळाच्या संग्रहात त्या आज वाचता येतात, काही ऐकताही येतात. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला आता बोट ठेवायला जागा आहे.

कोल्हापूरच्या तालमी, रायगडातली खाजणे आणि त्यांचे बांध, कोकणातले भाताचे जुने वाण, तमाशाचे फड. यांची जाणती माणसे अजून आहेत. महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्प देतातच. त्यांनी या माणसांना बोलते करण्याचा प्रकल्प द्यावा आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख घालून तो वार्षिकांकात छापावा. एक प्रत जिल्हा ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पृष्ठ क्रमांक तपासणाऱ्याला ती मिळेल.