चेपलेला गोळा

माझ्या लिहिण्याच्या मेजावर एक गोळा आहे. मोठ्या संत्र्याएवढा, बिनगंजी पोलादाचा, आंतून पोकळ, आणि पिकला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणी अंगठ्यानें आंबा दाबावा तसा एका बाजूनें चेपलेला. त्याला बोटभर लांबीचा एक तुटका दांडा आहे. चेपलेल्या बाजूवर तो स्थिर बसतो, म्हणून कागद उडूं नयेत यासाठीं मी तो वापरतों. परंतु त्या कामाला अधिक सोयीच्या शंभर वस्तु घरांत सांपडतील, हें मलाहि कळतें. भेटीस येणाऱ्या मंडळींची नजर पुस्तकांच्या कपाटांवरून फिरत फिरत शेवटीं या गोळ्यावर येऊन थांबते. आमच्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनीं तो हातांत घेऊन, "शून्याचें प्रतीक दिसतें," असा अभिप्राय दिला. शेजारच्या मुलानें तो खेळायला मागितला. आणि भांडीं घासणाऱ्या बाईंनीं, "सर, हा मोडींत घालूं का?" असें अगदीं सरळ विचारलें. तिघांचेंहि मीं हंसून ऐकून घेतलें. खरें काय तें एकालाहि सांगितलें नाहीं. तें सांगण्याचें मला धैर्य होत नव्हतें, ही गोष्ट मात्र आज वाचकांपाशीं कबूल करून टाकतों.

माझे थोरले बंधु—आम्ही सारे त्यांना दादा म्हणतों—इचलकरंजीच्या एका सायझिंगमध्यें चाळीसहून अधिक वर्षें कामाला होते. आरंभीं हेल्पर, मग फिटर. इचलकरंजी हें गांव मागांचें. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं तेथें पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें सारा गांवच त्या खटखटाटावर जगूं लागला. परंतु सूत गिरणींतून आलें आणि मागावर चढलें, असें होत नाहीं. मागाच्या ओढाताणींत ताण्याचा धागा टिकावा म्हणून त्याला आधीं खळ द्यावी लागते, आणि खळींत भिजलेलें तें सूत वाफेनें तापलेल्या मोठमोठ्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवावें लागतें. हें काम करणारा कारखाना म्हणजे सायझिंग. वडील वारले तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों आणि दादा सतरांचे. दहावीचा निकाल हातीं घेऊन ते सायझिंगच्या दारांत उभे राहिले, तें १९७९ साल. पुढें मी कोल्हापुरास शिकावयास गेलों तेव्हां दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत त्यांची मनिऑर्डर येत असे. ती कधीं चुकली नाहीं. वसतिगृहांतील मित्रांनीं विचारलें तर, "माझे बंधु मिलमध्यें इंजिनिअर आहेत," असें मी सांगत असें. तेंहि कधीं चुकलें नाहीं.

दादांच्या कामाच्या जागीं मीं पहिलें पाऊल टाकलें तें २०२२ सालीं, त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यांत. त्यांना पुण्यास घेऊन जावें, या विचारानें मी गेलों होतों. आंत शिरतांच खळीचा आंबूस वास आणि दमट उष्मा यांनीं जीव कोंडला. दादा एका बांकावर ओतीव लोखंडाचें एक डबडें उघडून बसले होते. लहान पोळपाटाएवढें तें झांकण, आंत एका दांड्याच्या टोंकाशीं चकचकीत गोळा, आणि तळाशीं सुपारीएवढी झडप. "हा ट्रॅप," ते म्हणाले. "वाफ अडवतो, पाणी सोडतो."

वाफेविषयीं आपल्याला कांहीं माहिती आहे, असा माझा समज होता. इंग्रजी वाङ्मय शिकवितांना औद्योगिक क्रांतीवर एक तास खर्च करण्याची माझी पद्धत आहे. किटलीच्या झांकणाची ती दंतकथा बाजूस सारून मी मुलांना खरी हकीकत सांगतों: ग्लासगोच्या विद्यापीठांत उपकरणें दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटला असें आढळलें कीं, थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट थंड पाण्याला उकळीपर्यंत नेऊं शकते. तो चकित होऊन प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांच्याकडे गेला, आणि त्यांनीं त्याला आपण शोधलेल्या सुप्त उष्णतेचा सिद्धान्त समजावून दिला. पुढें १७६५ सालीं वॅटला वेगळ्या शीतपात्राची कल्पना सुचली आणि १७६९ सालीं तिचें पेटंट मिळालें. हें सारें मीं दादांनाहि ऐकविलें. त्यांनीं हातांतला पाना खालीं ठेवून पूर्ण ऐकून घेतलें, आणि मग विचारलें, "बरं, पण सिलिंडरमध्यें वाफेचं पाणी झालं. तें जातं कुठं?"

पंचवीस वर्षें तो तास घेऊनहि हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता, आणि माझ्या एकाहि विद्यार्थ्यानें तो विचारला नव्हता.

वाफ उष्णता देते ती पाणी होतांना देते. एक किलो पाणी बर्फाच्या थंडपणापासून उकळीपर्यंत न्यावयास उष्णतेचीं १०० मापें लागतात असें धरलें, तर त्याच उकळत्या पाण्याची वाफ करावयास आणखी ५४० मापें लागतात. आणि हीं ५४० मापें ती वाफ सिलिंडरच्या पत्र्याला देऊन टाकते तेव्हां तिचें पुन्हां पाणी होतें. म्हणजे काम संपल्याची खूण म्हणून पाणी मागें उरतें. आतां तें पाणी तेथेंच राहिलें तर? लोखंडाच्या मानानें पाणी हें उष्णतेचें फार मंद वाहक. आंतल्या अंगाला त्याचा थर बसला कीं नव्यानें आलेल्या वाफेला पत्र्यापर्यंत पोंचतां येत नाहीं. सिलिंडर निवतो, सूत ओलें राहतें. बरें, पाणी जावें म्हणून दार उघडेंच ठेवलें तर त्याच्याबरोबर काम न केलेली वाफहि निघून जाते, आणि मालकाचा कोळसा आकाशांत उडतो. तेव्हां दाराशीं असा राखणदार हवा कीं, ज्याचें देणें देऊन झालें त्याला तो जाऊं देईल आणि ज्याचें व्हावयाचें आहे त्याला थांबवील.

हा विवेक त्या डबड्यांत कोठून आला? "तुझ्या घराच्या टाकींत बॉलकॉक आहे ना?" दादा म्हणाले, "तोच हा, पण उलटा." गच्चीवरील टाकींत पाणी चढलें कीं गोळा वर येतो आणि दार बंद होतें; येथें पाणी चढलें कीं गोळा वर येतो आणि दार उघडतें. डबड्यांत वाफच असेल तर गोळा आपल्या वजनानें खालीं बसतो, कारण वाफेवर तो तरंगत नाहीं. पाणी आलें कीं तरंगूं लागतो, दांडा उचलतो, झडप उघडते. पाणी थोडें आलें तर थोडी उघडते, फार आलें तर अधिक. आणि झडप तळाशीं, नेहमीं पाण्याखालीं असल्यामुळें वाफेला तेथपर्यंत वाटच मिळत नाहीं. दुसऱ्या जातीचे चकतीचे ट्रॅप असतात, ते सारखे टक्-टक् वाजतात. हा मात्र आवाज न करितां पाणी येईल तसतसें काढून देत असतो. त्यामुळें तो चालला आहे कीं नाहीं, हें परक्याला कळत नाहीं. दादा नळाला हात न लावतां, नुसता जवळ नेऊन तें ओळखीत.

एका गोष्टीपुढें मात्र हा राखणदार आंधळा आहे, आणि ती गोष्ट म्हणजे हवा. सकाळीं बॉयलर पेटवून वाफ सोडतात तेव्हां सारे नळ आदल्या रात्रीच्या थंड हवेनें भरलेले असतात. गोळा हवेवरहि तरंगत नाहीं. म्हणून तो दार लावून स्वस्थ बसतो, हवा कोंडते, आणि मागून येणाऱ्या पाण्यालाहि वाट राहत नाहीं. हवेजवळ उष्णता देण्यासारखी नसते, आणि आपण होऊन ती जागा सोडीत नाहीं. याकरितां डबड्याच्या माथ्याशीं एक लहानशी खिडकी असते. थंडपणीं ती उघडी असते, हवा निघून जाऊं देते, आणि वाफेचा ऊन स्पर्श होतांच तिच्या आंतील डबी फुगून ती मिटते. दादांनीं ती खिडकी मला दोनदां दाखविली.

मग त्यांनीं कपाटाच्या खालच्या खणांतून चिंध्यांत गुंडाळलेली एक वस्तु काढली. तोच हा गोळा. १९९२ सालच्या एका सोमवारीं सकाळीं, नव्या पोऱ्यानें, नळांत सांचलेलें पाणी न काढतांच वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह एकदम उघडला होता. अशा नळांतून वाफ सेकंदाला २५ ते ३० मीटर वेगानें धांवते. वाटेंत पाणी असलें तर त्याचा गठ्ठा करून ती आपल्या वेगानें त्याला पुढें फेंकते, आणि पहिल्या वळणावर तें पाणी घणासारखें आदळतें. त्या आदळण्यानें ट्रॅपमधील गोळा चेपला, दांडा तुटला आणि जवळच्या जोडाचें गास्केट फुटलें. पोऱ्या जागींच थिजला. व्हॉल्व्ह बंद करावयास दादा धांवले. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोंपरापर्यंत जो व्रण आहे, तो त्या दिवसाचा.

तो व्रण मीं तीस वर्षें पाहिला होता. दिवाळींत त्या हातानें त्यांनीं मला ओवाळणीचें ताट पुढें केलें होतें. माझ्या लग्नांत त्याच हातानें त्यांनीं वाढलें होतें. कशाचा म्हणून मीं कधीं विचारलें नाहीं. "कधीं झालं हें?" असें त्या दिवशीं विचारलें, तेव्हां ते सहज म्हणाले, "तुझी एम. ए. ची परीक्षा चालू होती बघ. म्हणून कळवलं नाहीं." त्या महिन्याची मनिऑर्डर मला आठवते. तिच्यावरील पत्ता निराळ्या अक्षरांत होता. दादा कामांत असतील, म्हणून कोणाकडून तरी लिहून घेतला असेल, असें मला वाटलें होतें.

कारखान्याच्या मागल्या अंगाला त्यांनीं मला एक टाकी दाखविली. पूर्वीं ट्रॅपमधून निघालेलें पाणी सरळ गटारांत जात असे. पांच किलो दाबाखालचें तें तापलेलें पाणी उघड्यावर आलें कीं त्याचा सुमारें नववा हिस्सा पुन्हां वाफ होऊन उडतो. तो पांढरा लोट पाहून लोक ट्रॅप गळतो आहे असें समजतात. परंतु बाकीचें पाणी कढत असतें. त्यांत आपल्या विहिरींच्या पाण्यांतले क्षार नसतात, त्यामुळें बॉयलरच्या नळ्यांवर पापुद्रा धरत नाहीं. दादांनीं मालकांच्या मागें लागून तें पाणी नळानें परत बॉयलरच्या टाकींत नेलें. बॉयलरला जाणारें पाणी सहा अंशांनीं अधिक ऊन असलें कीं जळण शेंकडा एकानें वांचतें, हा त्यांचा तोंडपाठ हिशेब.

पुण्यास परततांना गाडींत माझ्यांतला प्राध्यापक जागा झाला. आपली सारी ऊब दुसऱ्याला देऊन टाकणारें माणूस, आणि देऊन झाल्यावर त्याला गटाराची वाट दाखविणारे आपण, असें कांहींतरी मी बोलूं लागलों. माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनसमारंभांत दादांना मीं तिसऱ्या ओळींत बसविलें होतें, आणि "हे माझे बंधु, गांवाकडे असतात," एवढ्यावर त्यांची ओळख संपविली होती. तें मनांत सलत होतें. नोकरी लागल्यापासून मी दादांना दरमहा पैसे पाठवीत आलों, तेव्हां आपलें देणें फिटलें असा माझा समज होता. दादांनीं थोडा वेळ ऐकलें आणि म्हणाले, "अरे, पाण्याला काय वाटायचंय? परत नेलं तर कोळसा वांचतो, इतकंच. न नेणारा येडा." मग खिडकीवर डोकें टेंकून ते झोंपी गेले. माझें व्याख्यान अर्धेंच राहिलें, आणि तें पुरें करावें असें पुन्हां कधीं वाटलें नाहीं.

आतां दादा आमच्याकडेच असतात. गेल्या महिन्यांत नव्यानें रुजू झालेले एक तरुण प्राध्यापक घरीं आले आणि त्यांनींहि गोळा उचलला. या वेळीं मीं सांगितलें: "हा माझ्या थोरल्या भावाचा. ते सायझिंगमध्यें फिटर होते. त्यांच्या पगारावर मी एम. ए. झालों." मग ट्रॅप कसा चालतो तेंहि सांगितलें, गोळा, दांडा, पाण्याखालची झडप, वॅट आणि ब्लॅक यांच्यासह. दादा पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं, आणि मलाहि त्यांच्याकडे पाहवलें नाहीं.

पाहुणे गेल्यावर त्यांनीं चष्मा काढून पुसला. "सगळं बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "फक्त ती हवेची खिडकी राहिली. ती नसली तर सकाळीं ट्रॅप सुरूच होत नाहीं."