कान तसेच राहिलेत

सोमवार, १० मार्च २०२५. ह्वे.

विमानात डोळ्याला डोळा लागला नाही, तरी आजच राजवाडा बघायचा हट्ट वहिनींचाच. न्गो मोन दरवाज्यापाशी गेलो तर आमच्या मागेपुढे सगळ्या राजकन्या. छातीवर चौकोनी भरजरी पट्टी असलेले पायघोळ झगे, डोक्याभोवती कापडाचं रुंद चक्र, आणि झग्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. न्गुएन राजघराण्यातल्या बायकांचा हा पोशाख, 'न्यात बिन्ह'. दरवाज्याबाहेरच्या दुकानांत भाड्याने मिळतो. मला वाटलं होतं, हा धंदा आमच्यासारख्या परदेशी पाहुण्यांच्या जिवावर चालत असेल. पण नटलेल्या बहुतेक पोरी व्हिएतनामीच होत्या. प्रत्येकीमागे एक फोटोग्राफर, आणि त्याच्यामागे रिफ्लेक्टर धरून चालणारा एक पोरगा.

"यातली नवरी कोण गं?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्याच."

सगळ्यात जास्त गर्दी कियन त्रुंग महालाच्या पायऱ्यांवर. हा महाल १९२०च्या दशकात खाय दिन्ह राजाच्या वेळी बांधला, १९४७च्या लढाईत जमीनदोस्त झाला, आणि परत उभारून गेल्या वर्षी लोकांना खुला केला. पिवळाधम्मक, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेला. खऱ्या जुन्या, शेवाळलेल्या भिंती सोडून सगळे इथेच उभे राहतात याचं मला जरा वाईट वाटलं. वहिनींना अजिबात नाही. त्यांनी कमरेवर हात ठेवून महाल न्याहाळला आणि म्हणाल्या, "पडदा चांगला आहे."

हे फक्त वहिनीच म्हणू शकतात. सांगलीतल्या आमच्या सासरच्या स्टुडिओत मागे लावायला कारंजाचा एक पडदा होता आणि संगमरवरी जिन्याचा एक. वहिनी लग्न होऊन आल्या आणि वर्षभरात मामंजींनी त्यांना रिटचिंगच्या मेजावर बसवलं. मी धाकटी, मी आले तोवर रंगीत फिल्म आली होती आणि ते मेज इस्त्रीसाठी वापरत होते.

मंगळवार, ११ मार्च. ह्वे ते होइ आन.

दा नांगपर्यंत रेल्वे. हाय वान घाटात रूळ अगदी समुद्रावरून जातात. डाव्या बाजूची खिडकी मिळाली होती, त्यामुळे फार काही लिहिण्याजोगं बोललो नाही, बघत राहिलो.

गाडीत पाहिलेली एकच गोष्ट. समोरच्या बाकावर शाळेच्या शिक्षिका असाव्यात अशा दोघी, निळ्या आणि मोतिया आओ झायमध्ये, म्हणजे व्हिएतनामी बायकांच्या लांब अंगरख्यात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, महिला दिनापर्यंत, इथली महिला संघटना बायकांना आओ झाय घालायचं आवाहन करते. तो आठवडा उलटून गेला होता, म्हणजे या रोजच्याच घालणाऱ्या. वहिनी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग माझ्या कानाशी, "आत विजार आहे."

"असतेच. त्याशिवाय आओ झाय नाही."

वहिनींनी आयुष्यात साडीशिवाय काही नेसलेलं नाही. पंजाबी ड्रेससुद्धा नाही. हा फोटोदौरा सुनेने भेट म्हणून ठरवून दिला तेव्हा 'व्हिएतनामी ड्रेसमध्ये फोटो' एवढंच सांगितलं होतं. विजारीचा विषय कोणी काढला नव्हता.

मी मग वाचलेलं सांगितलं. ह्वेच्या दक्षिणी राज्यकर्त्याने, न्गुएन फुक ख्वातने, १७४४ मध्ये फर्मान काढलं की माझ्या प्रजेने विजार आणि त्यावर बटणांचा लांब अंगरखा घालायचा. उत्तरेतल्या त्रिन्ह सत्तेच्या रयतेपेक्षा आपली रयत वेगळी दिसली पाहिजे, हा हेतू. पुढे देश एक झाला आणि मिन्ह मांग बादशहाने उत्तरेतल्या बायकांचे घागरे बंद करून त्यांनाही विजारी घालायला लावल्या. त्यावर लोकांनी टिंगलीची कवनं केली, ती अजून टिकून आहेत. म्हणजे आज जो पोशाख बाईच्या नाजूकपणाची खूण म्हणून मिरवतो, तो सुरू झाला सरकारी हुकमाने.

"हुकूम असेल तर घालते," वहिनी म्हणाल्या.

बुधवार, १२ मार्च. होइ आन.

संध्याकाळी दुकानात माप बघायला गेलो. उद्या आमच्याबरोबर येणारी फोटोवाली मुलगी आधीच येऊन बसली होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. इथे समोरच्याला काय म्हणायचं, ताई की मावशी, हे वयावर ठरतं, त्यामुळे तो प्रश्न आगाऊ समजत नाहीत. मी ताई झाले, वहिनी मावशी. वहिनींना तिथेच ती पसंत पडली.

पांढरा आओ झाय पुढे केल्यावर मात्र वहिनी मागे सरल्या. "पांढरं नको." मुलीला कळेना, पांढरा म्हणजे कॉलेज-शाळेच्या मुलींचा, सगळ्या पाहुण्या तोच मागतात. मी अडखळत खुलासा केला. तिने मान हलवली: त्यांच्याकडेही दुखवट्याला डोक्याला बांधतात ती पट्टी पांढरीच असते. शेवटी जांभळा काढला. ह्वेचा रंग म्हणून तो मानतात, आणि वहिनींच्या पाचवारीतही जांभळा असतोच. भाडं दीड लाख डोंग. वहिनींनी लाख ऐकून डोळे वटारले. आपले पाचशे रुपये म्हटल्यावर शांत झाल्या.

घातल्यावर कळतं हा कपडा किती कडक आहे. उभी कॉलर गळ्याशी घट्ट, त्यामुळे मान आपोआप ताठ. छाती-कंबर अंगासरशी, आणि कमरेच्या वरूनच दोन्ही बाजूंना चीर, म्हणून विजारीच्या पट्ट्यापाशी बोटभर त्रिकोणी अंग दिसतं. मला वाटलं वहिनी इथे अडणार. त्या म्हणाल्या, "साडीत याहून जास्त दिसतं."

हा घट्टपणा जुना नाही. पूर्वीचा अंगरखा पाच पट्ट्यांचा आणि ऐसपैस असे. १९३४च्या सुमारास हनोईत न्गुएन कात तुओंग नावाच्या चित्रकाराने त्याची फ्रेंच धाटणीची नवी आवृत्ती काढली. बाह्या फुगीर, गळा वेगळा. ती लोकांना फार वाटली, तेव्हा ले फो या दुसऱ्या चित्रकाराने ती आवरून घेतली. १९५०-६०च्या दशकांत सायगॉनच्या शिंप्यांनी काखेच्या सुरकुत्या घालवण्यासाठी गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी शिवण आणली. चित्रकार आणि शिंपी यांनी मिळून केलेला पोशाख आहे हा, म्हणून कॅमेऱ्याला इतका सोपा जात असेल.

अडचण आली ती मंगळसूत्राची. कॉलर बंद केल्यावर ते आत गेलं. मुलगी म्हणाली, छान, आता स्वच्छ दिसतं. वहिनींनी काही न बोलता ते बाहेर काढलं आणि कॉलरवरून सरळ केलं.

गुरुवार, १३ मार्च. होइ आन.

साडेसहाला सुरुवात. त्या वेळी गावात झाडूवाल्या, भाजीवाल्या आणि आमच्यासारखेच भाड्याच्या कपड्यांतले लोक, एवढेच. नऊनंतर पर्यटकांचे लोंढे येतात आणि रिकामी भिंत मिळत नाही.

होइ आनच्या भिंती पिवळ्या. सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर पडून गल्लीच्या सावलीत परततं, तेव्हा सगळ्यांच्याच तोंडावर हळदीचा रंग येतो. आमच्या सावळ्या कातडीला तो फार चांगला. मुलीकडे ८५ मिलिमीटरची लेन्स होती, त्यामुळे ती लांब उभी राहायची आणि अरुंद गल्लीत मागे सरता सरता दारांना धडकायची. 'नोन ला', ती ताडपत्राची निमुळती टोपी, हा तिचा खरा शत्रू. टोपी घातली की नाकापर्यंत अंधार. म्हणून ती टोपी मागे कलती करायला लावते, किंवा हातात धरायला, किंवा खालून रिफ्लेक्टर मारते.

पोझही ठरलेल्या. टोपीच्या कडेला हात लावून मागे वळून बघणे. पुढचा पट्टा दोन बोटांनी उचलून चालणे. उंबऱ्यावर बसून कमळाकडे बघणे (कमळ कापडी). सायकल धरून उभे राहणे, जिला ब्रेक नाहीत. माझे चाळीसेक फोटो याच क्रमाने निघाले. काश्मीरला गेलेल्या प्रत्येक मराठी घरात फिरन घालून, कमरेवर घडा घेतलेला एक फोटो असतो, त्याच जातीचे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. भाड्याचा कपडा घालून फोटो काढणं हे ढोंग असेल तर आमचा संगमरवरी जिनाही ढोंगच होता, आणि त्याच्यासमोर निम्म्या सांगलीची लग्नं जमली.

वहिनी मात्र पोझ देईनात. खाली बघा म्हटलं की त्या लेन्सकडे बघायच्या. चष्मा काढा म्हटलं तर, "मग मला ती दिसणार कशी?" थोड्या वेळाने मुलीने सूचना देणं सोडलं आणि त्यांना थू बोन नदीच्या काठी एका बाकावर बसू दिलं. तिथे गप्पा निघाल्या. मुलीच्या आजीने म्हणे सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच गडद आओ झाय घालून स्टुडिओत फोटो काढून घेतला. घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात मागाहून ठेवायला. इथे पुष्कळ म्हातारी माणसं असं करतात. आपला फोटो मुलांच्या धांदलीत कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला नसावा म्हणून.

वहिनी खूष. "शहाणी बाई. आमच्याकडे तर गिऱ्हाईक दहाव्याला यायचं, ग्रुप फोटो घेऊन. अर्धा खांदा दुसऱ्याचा." मग जरा थांबून, "पण माझा हार घालायचा फोटो साडीतलाच हवा. हा हॉलमध्ये."

मी भाषांतर केलं. मुलीने हसेपर्यंत कॅमेरा खाली घेतला नव्हता, हे नंतर कळलं.

परतताना जपानी पूल. चारशेहून जास्त वर्षांचा, वीस हजारांच्या नोटेवर छापलेला. दुरुस्तीनंतर गेल्या ऑगस्टमध्ये उघडला तेव्हा रंग फार नवा दिसतो म्हणून लोकांनी ओरड केली होती. वहिनी म्हणाल्या, "मूळ काम चांगलं आहे. वर हात जरा जड पडलाय."

रात्री होळी. इथे चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात, आणि ती रात्र यंदा नेमकी आपल्या होळीवर आली. नदीकाठी चेंगराचेंगरी. पुरणपोळी नाही, मुगाची गोड खीर खाल्ली.

शुक्रवार, १४ मार्च. होइ आन.

न्याहारीच्या वेळी फोटो आले. मी माझे पाहिले आणि क्षणभर ही कोण म्हणून विचारात पडले. गुळगुळीत, दुधाळ, तिशीतली कोणी. वहिनींचा फोटो उघडला. त्याही गोऱ्यापान.

मी चिडले. वहिनींनी फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि चेहऱ्याकडे न बघता कडेला गेल्या.

"कान तसेच राहिलेत."

खरंच. चेहरा गोरा, कान सावळे. मानेवर कॉलरच्या वर एक रेष, जिथे गोरेपण संपलं होतं. हात तर माझ्या ओळखीच्या वहिनींचेच.

वहिनींच्या रिटचिंगच्या मेजावर हेच काम हाताने व्हायचं. निगेटिव्हवर काळं ते कागदावर पांढरं होतं. म्हणून चेहऱ्याच्या जागी, आधी औषध चोळून, सुईसारख्या टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरायचे, की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. दाखवायच्या मुलीचे वडील हळूच सांगून जायचे, जरा उजळ करा. मामंजींचा दंडक होता: दोन छटा, जास्त नाही, आणि सुरुवात कानापासून. चेहऱ्यापासून सुरू करणारा हमखास फसतो.

मुलगी हॉटेलवर आली. बिचारी गोंधळलेली. सगळ्यांना गोरंच हवं असतं म्हणाली, व्हिएतनामी गिऱ्हाईक तर आधी तेच बजावतं. ते दिसतंच आहे. इथल्या बायका भर उन्हाळ्यात स्कूटरवर हातमोजे, मास्क, टोपीचं जाकीट, डोळ्यांखेरीज काही उघडं नाही. अ‍ॅप आपोआप करतं, तिने फक्त बटण दाबलं होतं.

मला तिला बरंच ऐकवायचं होतं. वहिनींनी ऐकवू दिलं नाही. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि यादी सांगायला लागल्या, मी इंग्रजीत करत गेले. चेहऱ्याचा रंग हातांना जुळव. चष्म्यावरची चमक काढ. हनुवटीवरचा देवीचा व्रण राहू दे, तो लहानपणापासून आहे. डोळ्यांखालच्या सुरकुत्या...

"त्या राहू देत ना, वहिनी," मी म्हटलं.

"निम्म्या काढ म्हणावं. फुकट पैसे दिलेत का?"

मीच तिला सांगितलं की तुमच्या देशात हा धंदा जुना आहे. ह्वेकडचाच एक दरबारी अधिकारी, दांग हुइ त्रू, याने १८६९ मध्ये हनोईत पहिला व्हिएतनामी स्टुडिओ काढला. पुढे हनोईजवळच्या लाय सा गावातल्या माणसांनी देशभर स्टुडिओ थाटले. त्या गावात आता फोटोकलेचं संग्रहालय आहे. तिला लाय सा माहीत होतं. वहिनींचं मेज, काच, खालचा आरसा, हे तिने कागदावर काढून घेतलं.

शनिवार, १५ मार्च. दा नांग विमानतळ.

दुरुस्त फोटो आले. बाकावरचा, लेन्सकडे रोखून बघणाऱ्या वहिनींचा, हॉलसाठी ठरला. १२ बाय १८, मॅट. माझा सायकलवाला मी कोणाला दाखवणार नाही.

मूळ फाइली हव्यात म्हणून मी विचारलं, तर मुलीने कळवलं की त्या देत नाही, फक्त तयार फोटो. मी वाद घालायला लिहू लागले, तेव्हा वहिनींनी फोन काढून घेतला.

"बरोबर आहे तिचं. निगेटिव्ह कोणी गिऱ्हाइकाला देतं का?"